अनगोळात घरामागच्या वर्कशॉपसाठी कमी आवाजाचा एअर कंप्रेसर: कोणता घ्यावा?

रंधा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळला घरामागं पत्र्याची शेड आहे, साधारण दहा बाय चौदाची. तिथं माझं लाकूडकाम चालतं. देव्हारे, चौरंग, फोटोच्या फ्रेमा, कधी कुणाच्या नातवासाठी पाळणा. नोकरीतून मोकळा झाल्यापासून हाच उद्योग. आतापर्यंत खिळे हातोडीनं आणि पॉलिश पोचानं असंच निभावलं. आता ब्रॅड नेलर (हवेच्या दाबानं बारीक खिळे ठोकणारी गन) घ्यायचाय, खाचेतला भुसा उडवायला हवा पाहिजे आणि जमलं तर देव्हाऱ्यांना मेलामाइन पॉलिश स्प्रे करायचंय.

अडचण आवाजाची आहे. शेडची मागची भिंत आणि शेजाऱ्यांची बेडरूम यांच्यात फक्त एक बोळ, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. त्यांची मुलगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला. शेजारी धारवाडकडचे, स्वभावानं अतिशय गोड. मी टेबल सॉ लावला की भिंतीवरून फक्त एवढंच म्हणतात, "स्वल्प सौंड कडिमे माड्री, सर." म्हणजे, जरा आवाज कमी करा. भांडखोर असते तर मी केव्हाच कंप्रेसर आणून बसवला असता. अशा माणसाला त्रास द्यायचं जिवावर येतं.

बाजारात एका दुकानात २४ लिटरचा डायरेक्ट ड्राइव्हवाला लावून दाखवला. समोरच्या पायरीवरचं कुत्रं उठून निघून गेलं. दुकानदार म्हणाला, "काका, कंप्रेसर म्हटल्यावर आवाज येणारच की." ऑनलाइन बघितलं तर 'सायलेंट' नावाचे ढीगभर आहेत. कुणी ५५ डेसिबल लिहितो, कुणी ६८. खरं काय मानायचं? बजेट वीस हजार, दोन-तीन हजार वर गेले तरी चालतील. सिंगल फेज.

उद्यमबाग_टर्नर

काका, डेसिबलचा आकडा राहू दे बाजूला. आधी मोटारीवरची पट्टी वाचा. त्यावर आरपीएम लिहिलेलं असतं, निम्मा निकाल तिथंच लागतो.

तुम्ही दुकानात ऐकलेलं मशीन दोन पोलच्या मोटारीचं असणार. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दोन पोलची मोटार २८०० ते २८५० नं फिरते आणि डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पिस्टनही तेवढ्याच वेगानं वर-खाली होतो. चार पोलची मोटार घेतली की तोच वेग १४००च्या आसपास येतो. 'सायलेंट' म्हणून जे ऑइल-फ्री मिळतात, त्यांतले खरे सायलेंट ते हे चार पोलवाले. पट्टीवर २८०० आणि खोक्यावर 'सायलेंट' असं दिसलं तर खोकं परत ठेवा.

तिसरा प्रकार बेल्टचा. गॅरेजमध्ये असतो तो, मोठी पुली आणि पंखा एकच. त्यात पंपाचा वेग आठशे-हजारपर्यंत खाली येतो. आवाज असतो, पण जाड, खालच्या पट्टीतला. कानाला टोचत नाही, मात्र भिंतीतून लांब जातो. तुमच्या बोळीचा विचार केला तर हे लक्षात घ्या.

आता डेसिबल. कंपनीनं किती अंतरावरून मोजलं हे लिहिलं नसेल तर तो आकडा फुकट. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात, त्यामुळे एक मीटरवर ७२ भरणारं यंत्र चार मीटरवर ६० भरतं. मोजायची जागा लांब नेली की यंत्र आपोआप 'सायलेंट' होतं. आणि १० डेसिबलचा फरक म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज, म्हणून ५८ आणि ६८ यांना 'थोडाच फरक' समजू नका.

वडगावचा_माग

अनगोळकरांचे लाड बघा. आमच्या वडगावात या, सकाळी सातपासून दोन्ही बाजूंनी पॉवरलूम खडखडत असतात. इथं तुम्ही कंप्रेसर काय, रणगाडा लावला तरी शेजारी विचारायला येणार नाही. उलट माग बंद पडले की लोक दचकून बाहेर येतात, लाइट गेली काय म्हणून.

बाकी चालू द्या, वाचतोय.

निपाणी_दंतवैद्य

रंधा काका, तुम्हाला जे हवंय ते आमच्या धंद्यात रोज वापरतात. दातांच्या खुर्चीला ऑइल-फ्री हवा लागते, कारण ती थेट पेशंटच्या तोंडात जाते. म्हणून डेंटल कंप्रेसर हा चार पोलचा, ऑइल-फ्री आणि बोलता येईल इतपत आवाजाचा असतो. माझा क्लिनिकच्या मागच्या पॅसेजमध्ये आहे. दार लावलं की आतल्या पेशंटला तो सुरू झालेला कळत नाही. दार उघडं असलं तर कळतो, आणि पहिल्यांदा आलेला पेशंट खुर्चीवरून उठून बसतो, ते वेगळं.

'डेंटल' म्हणून मागितलं की किंमत वाढते. आतलं यंत्र तेच असतं, टाकीला आतून लेप आणि बाहेरून पांढरा रंग, एवढाच पुष्कळदा फरक. सुतारकामाला साधा घ्या. ७५० वॅट, २४ ते ३० लिटर टाकी, दोन हेड, म्हणजे दोन पिस्टन.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. या यंत्रात पिस्टनला टेफ्लॉनची वाटी असते आणि ती तेलाशिवाय घासत चालते. ती झिजते. झिजली की यंत्र बंद पडत नाही, फक्त टाकी भरायला वेळ जास्त घेऊ लागतं. वाटी मिळते, महाग नसते, चार स्क्रू काढून बदलता येते. पण तुमच्या मॉडेलची वाटी बेळगावात मिळते का, हे घेण्याआधी विचारा. नव्या यंत्राला रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून भिंतीवर लिहून ठेवा. पुढं त्यावरूनच वाटीची तब्येत कळते.

रंधा

डॉक्टर, उत्तम माहिती. दोन हेडवाला, चार पोलचा. पण याच्यावर स्प्रे होईल का? दुकानदार छातीठोकपणे 'होणार' म्हणतो.

मूर्तीशाळा

दुकानदाराला विचारा, कुठल्या गनवर? तिथंच सगळं येतं.

आमची खानापूर रोडला गणपतीची मूर्तीशाळा. शेवटचे काही आठवडे रात्रंदिवस फवारा चालू असतो. दोन कंप्रेसर आहेत. एक बेल्टचा दोन एचपीचा, तो मोठ्या मूर्तीला पांढरा प्रायमर आणि अंगाचा रंग मारायला. दुसरा तुम्ही म्हणताय तसला छोटा, तो एअरब्रशला. पितांबराच्या घड्यांत शेड टाकायची, गालावर लाली, सोंडेवरची छटा, ही कामं छोट्यावर. एअरब्रशला हवा लागते नखाएवढी, पण ती एकसारखी लागते. छोटा दोन हेडवाला असला की हवेला धाप, म्हणजे हिसके, कमी लागते आणि मधे टाकी असली की ती उरत नाही. डोळ्यांची आखणी मात्र हातानंच, ब्रशनं. तिथं कुठलंच यंत्र नको.

आता तुमचं. १.४ नोजलची मोठी गन छोट्या मशीनला लावलीत तर देव्हाऱ्याची एक बाजू होईपर्यंत ठीक चालेल. दुसऱ्या बाजूला फवारा फाटायला लागतो, थेंब मोठे पडतात, मेलामाइनवर संत्र्याच्या सालीसारखं उठतं. मग सगळं घासा. मिनी गन घ्या, ०.८ किंवा १.० नोजल. देव्हाऱ्याला ती भरपूर. वॉर्डरोबचं दार करायला मात्र घेऊ नका.

उद्यमबाग_टर्नर

मूर्तीशाळावाले मामा बरोबर बोलले. आकड्यात मांडतो, म्हणजे काकांना दुकानदाराशी बोलता येईल.

समजा टाकी २४ लिटरची. मशीन ८ बारला बंद होतं आणि ५.५ बारला परत सुरू होतं. मधल्या अडीच बारमध्ये मोकळी हवा किती? २४ गुणिले २.५, म्हणजे ६० लिटर. ब्रॅड नेलरला एका खिळ्यामागं साधारण लिटर-सव्वा लिटर लागते. म्हणजे मशीन एकदा बंद झालं की चाळीस-पन्नास खिळे शांततेत, मग मिनिटभर गुरगुर. एवढ्यात तुमची फ्रेम होऊन जाते.

तीच हवा ब्लो गननं उडवा. उघडी धरली तर ती मिनिटाला दीड-दोनशे लिटर खाते, ६० लिटर वीस-बावीस सेकंदांत साफ. म्हणून भुसा उडवणं हेच सगळ्यात जास्त आवाजाचं काम. त्यातून सुटणारी हवा कानाला कंप्रेसरपेक्षा जास्त लागते, हे कुणी धरतच नाही. भुशाला ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा, हवा फक्त खाचेत.

स्प्रेचं गणित उलटं. १.४ च्या गनला मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास हवी. ७५० वॅटचं मशीन कामाच्या दाबाला ऐंशी-शंभर देतं. खोक्यावर दीडशे लिहिलेलं असतं, पण ते पिस्टननं झाडलेलं माप असतं. दाब चढल्यावर हातात किती येतं ते वेगळं, त्याला एफएडी म्हणतात, तेच विचारा. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, त्यामुळे इथं हवा मुळातच थोडी विरळ, सात-आठ टक्के त्यातही जातात. फार नाही, पण काठावरचं मशीन घेतलं तर ते जाणवतं.

मोठी टाकी घेतली की आवाज कमी होतो असा एक समज आहे. मशीन लवकर-लवकर सुरू होत नाही हे खरं, पण सुरू झालं की तेवढाच जास्त वेळ चालतं. अभ्यासाला बसलेल्या मुलीला कुठलं परवडेल, हे तुम्हीच ठरवा. दर चार मिनिटांनी एक मिनिट, की दर आठ मिनिटांनी दोन?

जांबोटी_जुगाड

वीस हजार कशाला घालवता? जुन्या फ्रिजचा कंप्रेसर काढा, गॅसच्या छोट्या टाकीला जोडा, दाब भरला की मोटार बंद करणारा प्रेशर स्विच लावा. झाला सायलेंट कंप्रेसर. फ्रिज घरात चोवीस तास चालतो, कुणाची झोप मोडते का? माझ्याकडं एक आहे, एअरब्रशला एक नंबर. खर्च हजार-दीड हजार.

उद्यमबाग_टर्नर

आवाजाचं म्हणणं शंभर टक्के खरं. फ्रिजचा कंप्रेसर बंद डब्यात, स्प्रिंगवर लटकलेला असतो, त्याच्याइतकं शांत दुसरं काही नाही. पण हवा किती देतो? एअरब्रशपुरती. नेलरची टाकी भरायला चहा करून प्यायला तरी वेळ जाईल, आणि तो तेवढा वेळ सलग चालवला की तापून ट्रिप होतो. दाबावर परत सुरू पण होत नाही, बंद झाल्यावर पाइपातला दाब सोडणारा व्हॉल्व्ह लावावाच लागतो.

शिवाय तो हवेबरोबर तेल फेकतो. लाकडावर तेलाचा सूक्ष्म थेंब बसला की पॉलिशमध्ये गोल गोल डोळे उठतात. फिल्टर लावूनही मेलामाइनला मी तो वापरणार नाही.

आणि गॅसच्या टाकीचं काय लिहिलंत? ते वाचूनच मला घाम फुटला.

निपाणी_दंतवैद्य

त्यात आणखी एक. नव्या फ्रिजमधला गॅस आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. स्वतः पाइप कापायला बसू नका. आर-१३४ए पेटत नाही, पण तोही हवेत सोडायचा नसतो. फ्रिज मेकॅनिककडून गॅस काढून घ्या, मग खुशाल जुगाड करा.

जांबोटी_जुगाड

टाकी हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करून घेतलीय हो, उद्यमबागेतच. दीडपट दाबाला. तेवढं कळतं मला. सेफ्टी व्हॉल्व्हपण आहे.

उद्यमबाग_टर्नर

मग हरकत नाही. आधी लिहायचं की.

शिनोळी_ट्रेडर

कोल्हापूरला जा ना. शाहूपुरीत चार दुकानं फिरलात की माल डोळ्यासमोर. शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. बेळगावात व्हरायटी कुठं आहे?

वडगावचा_माग

व्हरायटी कुठं आहे म्हणे! ज्या किर्लोस्करांच्या नावाचे कंप्रेसर देशभर चालतात, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८८ साली इथंच बेळगावात सायकलींचं दुकान काढून बसले होते. १९१० ला ते कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी झाली. आम्ही राखलं असतं तर आज शाहूपुरीवाले इकडं आले असते.

शिनोळी_ट्रेडर

राखलं नाही हेच तर म्हणतोय. तुमच्याकडचं सगळंच इकडं यायचं असतं, फक्त

संपादक

इथंच थांबू या. सीमेच्या गप्पांना वेगळा धागा आहे, तिथं या आठवड्यात बाराशे प्रतिसाद झालेत, तिकडं जा. इथं कंप्रेसर.

हिंदवाडी_पक्षकार

खरेदीबद्दल फक्त व्यवहाराचं सांगतो. जीएसटी दोन्हीकडं १८ टक्केच, त्यात फायदा नाही. भावात हजार-पाचशे सुटतील, पण वाटी बदलायला किंवा प्रेशर स्विच गेला म्हणून यंत्र परत तिकडं न्यायचं झालं तर ते तिथंच संपतात. ज्या दुकानात दुरुस्तीचं टेबल दिसतं आणि त्यावर उघडलेलं यंत्र दिसतं, तिथून घ्या.

कायद्याचंही कुणीतरी सांगायला हवं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. शेजारी गोड असले तरी रात्री दहानंतर लावू नका. आणि दुपारी दोन ते चार लावू नका, हे कुठल्या नियमात नाही, पण बेळगावात राहायचंय ना.

रंधा

दुपारी दोन ते चार मी स्वतःच झोपतो, त्यामुळे तो प्रश्न नाही.

तर ठरलं असं: चार पोल, ऑइल-फ्री, दोन हेड, ३० लिटर. आता प्रश्न ठेवण्याचा. शेडमध्ये मागच्या कोपऱ्यात जागा आहे, नेमकी शेजाऱ्यांच्या बाजूला. त्याला प्लायचं खोकं करून आतून थर्माकोल मारला तर? कुणी अंड्यांचे ट्रे सुचवतंय.

उद्यमबाग_टर्नर

अंड्यांचे ट्रे अंड्यांना द्या. थर्माकोल आणि ट्रे दोन्ही हलके, आवाज त्यांच्यातून सरळ पार होतो. आवाज अडवायला वजन लागतं. वीट, जाड प्लाय, असं काहीतरी. आणि आत आवाज जिरवायला मऊ, दाट, धाग्यांचं काहीतरी लागतं. ग्लासवूल, रॉकवूल, जुनं जाड नमदं. दोन्ही मिळून काम होतं, एकट्यानं नाही.

पण मागच्या कोपऱ्यात ठेवायचंच कशाला? शेडच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून ठेवा आणि हवा पाइपानं आत न्या. ८ मिमीचा पीयू पाइप, दहा-बारा मीटर, खर्च फार नाही. नेलरला तेवढ्या लांबीनं काही फरक पडत नाही, स्प्रेला दाब किंचित पडेल, तो रेग्युलेटरवर वाढवून घ्या. मधे तुमची सगळी शेड, लाकडाचा ढीग, एक भिंत. फुकटात आवाज अडतो.

तुम्ही मेलामाइन मारणार म्हणून तर हे जास्तच गरजेचं. त्याच्या थिनरची वाफ पेटते आणि प्रेशर स्विच प्रत्येक वेळी सुरू होताना आत ठिणगी पाडतो. फवारा एका टोकाला, कंप्रेसर दुसऱ्या टोकाला, मधे उघडं दार. आवाजासाठी नसलं तरी जिवासाठी हे कराच.

एक लिहायचं राहिलं. हवेची लाइन म्हणून प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप टाकू नका. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पीव्हीसी फुटतो तो तुकडे उडवत फुटतो. जीआय (लोखंडी) किंवा पीयू.

मूर्तीशाळा

खाली रबर घाला. आम्ही जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे घातलेत. पण यंत्राचं पाऊल फरशीला आणि टाकी भिंतीला टेकली तर रबराचा उपयोग शून्य. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि यंत्रातून बाहेर पडणारा पहिला तुकडा लवचिक पाइपाचा असू दे, नाहीतर सगळी जीआय लाइन गुणगुणते.

अजून एक, यंत्र बंद होताना 'फुस्स' होतं, ते स्विचच्या बाजूच्या छोट्या नळीतून. हेडमधला दाब तो सोडतो, पुढच्या वेळी मोटारीला जड जाऊ नये म्हणून. रात्रीच्या शांततेत हे फुस्सच जास्त ऐकू येतं. तिथं पितळी सायलेन्सर लावता येतो, अंगठ्याएवढा असतो, न्यूमॅटिकच्या दुकानात किरकोळीत मिळतो. नळी बंद मात्र करू नका, एका कारागिरानं कापडाचा बोळा कोंबला होता, मोटार नुसती हुं हुं करून एमसीबी पाडायची.

उद्यमबाग_टर्नर

आणि खरा आवाज कुठून येतो ते सांगायचंय. हेडवर काळी, गोल, डबीसारखी फिल्टरची वस्तू असते. यंत्र चालू असताना तिच्याजवळ कान न्या, मग मोटारीजवळ न्या. फरक लगेच कळेल. प्रत्येक घोटाला पिस्टन तिथून हवा ओढतो आणि ती धडधड सरळ बाहेर पडते. फिल्टर काढून तिथं होज लावायचा आणि तो एखाद्या मोठ्या बंद डब्यात न्यायचा, डब्याच्या दुसऱ्या बाजूनं हवा घ्यायची. भंगारात मारुती कारचा एअर फिल्टरचा अख्खा डबा मिळतो, त्यात फिल्टरही बसतो. आमच्या शॉपमधल्या छोट्या मशीनला तोच आहे. होज कंप्रेसरच्या भोकापेक्षा बारीक नको, नाहीतर यंत्र धापा टाकतं. इथं मात्र पीव्हीसी चालतो, दाब नसतो म्हणून.

खोकं करायचंच असेल तर या सगळ्यानंतर करा. ७५० वॅटची मोटार म्हणजे जवळपास तेवढ्याच वॅटचा हीटर समजा. खालून हवा आत, वरून बाहेर, दोन्ही वाटांना एकेक वळण, वर छोटा एक्झॉस्ट पंखा. बंद खोक्यात ठेवलंत तर आवाज खरंच कायमचा थांबेल.

टिळकवाडी_गृहिणी

मी केकला एअरब्रश वापरते, माझ्याकडं टाकीशिवायचा छोटासा आहे. हे सगळं वाचून मला वाटतं माझं सुटसुटीत आहे. पण एक विचारते, पावसाळ्यात त्यातून पाणी का येतं? जुलैत रंगाबरोबर थेंब पडले केकवर.

निपाणी_दंतवैद्य

ताई, २७ अंशांच्या दमट हवेत एका घनमीटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात असतं. हवा दाबून थंड झाली की ती वाफ मावत नाही, पाणी होऊन बाहेर पडते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा ओली चिंब, त्यामुळे टाकीवाल्यांच्या टाकीत वाटीभर साठतं आणि तुमच्यासारख्यांच्या ते पाइपात साठतं. एअरब्रशच्या दांड्याखाली बसणारा छोटा ट्रॅप मिळतो, तो लावा.

रंधा काका, ऑइल-फ्री म्हणजे वॉटर-फ्री नव्हे. काम संपलं की टाकीच्या बुडाचा कॉक रोज उघडा. वॉटर सेपरेटर यंत्राला चिकटून लावू नका, तिथं हवा गरम असते आणि पाणी वाफ होऊन पुढं जातं. गनच्या बाजूला, लाइनच्या शेवटी लावा.

मूर्तीशाळा

आणि पावसात मेलामाइन मारू नका हो काका. पॉलिश पांढरं पडतं. हवा कोरडी केली तरी बाहेरची हवा बसतेच त्यावर. श्रावणात देव्हाऱ्याच्या ऑर्डरी येतात ते माहितेय, पण घाई करायची नाही. ऊन बघून मारा.

रंधा

घेतला. बेळगावातच, दुरुस्तीचं टेबल असलेल्या दुकानातून. चार पोल, दोन हेड, ३० लिटर, बजेटात बसला आणि मिनी गनपण त्यातच आली. पट्टीवर १४०० बघून घेतलं. दुकानदाराला एफएडी विचारल्यावर त्यानं आधी माझ्याकडं नीट बघितलं, मग आतून कागद काढून दिला.

शेडच्या पुढच्या बाजूला ठेवलाय, खाली रबर, मधे पीयू पाइप. मोबाईलच्या ॲपनं मोजलं. त्या आकड्यावर विश्वास नाही, पण फरक कळतो: यंत्राशेजारी आणि बोळीत यांत पंचवीसेक डेसिबलचा फरक दाखवतो. शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्या बेडरूममध्ये उभं केलं आणि मी इकडून लावला. ते म्हणाले, लावा की. मी म्हणालो, लावलाय. मारुतीचा डबा अजून मिळाला नाही, भंगारवाला 'उद्या' म्हणतोय.

पहिला चौरंग नेलरवर केला. घरचे म्हणाले, खिळे दिसत नाहीत, हे चांगलं.

संकेश्वर_गुऱ्हाळ

धागा वर काढतो. माझंही रंधा काकांसारखंच, फक्त शेतातल्या घरात. लाइन लांबून येते, पंपसेट सुरू झाले की व्होल्टेज पार खाली जातं. तेवढ्या वेळात चार पोलवाला सुरू होईल का? सध्या घरातून पंचवीस मीटर एक्स्टेन्शन टाकून ग्राइंडर चालवतो.

उद्यमबाग_टर्नर

ती एक्स्टेन्शन काढा पहिली. बारीक वायरीतच तुमचे दहा-वीस व्होल्ट जात असतील, आणि कंप्रेसरची मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. कंप्रेसर मीटरजवळ ठेवा, वायर आखूड ठेवा आणि हवेचा पाइप लांब घ्या. पाइपात दाब थोडा पडतो, मोटार जळत नाही.

तरीही हुं हुं करून ट्रिप झाला तर टाकी रिकामी करून लावून बघा. रिकामीवर सुरू होतो आणि भरलेलीवर नाही, असं असेल तर आधी ती फुस्सवाली नळी तपासा. ती ठीक असेल तर मग कपॅसिटर. पंपसेटच्या वेळा टाळता येत असतील तर टाळा, स्टॅबिलायझर एवढ्या मोटारीला घेतलात तर तो कंप्रेसरच्या किमतीच्या जवळ जातो.

संकेश्वर_गुऱ्हाळ

मीटर गोठ्यात आहे. म्हशी बिथरतील का?

मूर्तीशाळा

चार पोलला नाही. दोन पोलचा आणलात तर दूध विसरा.

उद्यमबाग_टर्नर

गोठ्यात ठेवणार असाल तर इनटेक मात्र बाहेरून घ्या. कडब्याचा बारीक भुसा फिल्टर आठवड्यात बुजवेल. आणि रंधा काका, मारुतीचा डबा माझ्याकडं एक पडलाय, शनिवारी उद्यमबागेकडं आलात तर घेऊन जा. होज क्लॅम्प तुमचे.

रंधा

येतो. होज केवढा घेऊ, तेवढं सांगा.

उद्यमबाग_टर्नर

हेडवरच्या भोकाचा आटा मोजून या. दोन हेड म्हणजे दोन होज आणि त्यांना जोडायला एक वाय.